व्यासपीठाचं सोवळं

पुण्यात सिव्हिल इंजिनिअर आणि आर्किटेक्ट मंडळींच्या एका मासिक व्याख्यानावरून सध्या बरीच धुसफूस चालू आहे. विषय होता नद्यांच्या पूररेषांचा, म्हणजे पुराचं पाणी कुठवर चढू शकेल हे नकाशावर दाखवणाऱ्या निळ्या आणि लाल रेषांचा. श्रोत्यांनी प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यायचे आणि सूत्रसंचालकांनी ते वाचून दाखवायचे, अशी तिथली रीत. त्यांनी एक चिठ्ठी उघडली, मनातल्या मनात वाचली, पुन्हा घडी घालून पाण्याच्या ग्लासाखाली सरकवली आणि "हा जरा राजकीय प्रश्न आहे, आपण तांत्रिक बाबींपुरतंच बोलू" म्हणत पुढची उचलली. चिठ्ठी लिहिणाऱ्या बाईंनी चहाच्या वेळी तो प्रश्न सगळ्यांना सांगून टाकला. निळी रेषा ज्या पुरावर आखली आहे त्याचा आकडा कोणी ठरवला, आणि ठरवताना काठावर राहणाऱ्यांपैकी कोणाला विचारलं होतं का? एवढंच. तेव्हापासून दोन तट पडलेत.

एक तट म्हणतो, राजकारणाने शाळा, सहकारी बँका, साहित्य संमेलनं, गणेश मंडळं, काही म्हणून सोडलं नाही. निदान आपला व्यवसाय तरी त्यातून वाचवा. दुसरा तट "अहो, सगळंच राजकीय असतं" एवढं म्हणतो आणि वाद जिंकल्यासारखा हसतो. पहिल्यांचं दुखणं निदान कळतं. दुसऱ्यांच्या म्हणण्यातून हाती काहीच लागत नाही. सगळंच राजकीय असेल तर ती चिठ्ठी वाचायला हवी होती की नव्हती, हे ठरवायचं कशावरून? त्या न्यायाने प्रभागातल्या उमेदवाराची पत्रकंही चहासोबत वाटायला हरकत नसावी.

माझं मत आधीच सांगतो. पक्षाचा प्रचार व्यावसायिकांच्या सभेत नको. नावानेही नको आणि आडूनही नको. पण आपल्याच कामातून जो प्रश्न उभा राहतो, म्हणजे या नकाशाने कोणाला काय मिळालं, कोणाचं काय गेलं आणि हे ठरवलं कोणी, तो प्रश्न आपल्या विद्येचाच भाग आहे. तो बाजूला काढला तर उरतं ते अर्धं गणित. ती चिठ्ठी वाचायला हवी होती.

त्या आकड्याकडेच जरा जवळून पाहू. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची. सामान्य माणूस याचा अर्थ असा घेतो की, यंदा पूर येऊन गेला, आता २४ वर्षं निवांत. तसं नसतं. निळ्या रेषेपर्यंत पाणी चढण्याची शक्यता दर वर्षी ४ टक्के असते, मागच्या वर्षी काय झालं याचा त्याला पत्ता नसतो. ३० वर्षांचं गृहकर्ज काढून त्या रेषेवर घर घेतलं, तर कर्ज फिटेपर्यंत निदान एकदा पाणी दारात येण्याची शक्यता सुमारे ७१ टक्के. लाल रेषेवर तीच २६ टक्के. हा हिशेब बारावीच्या मुलालाही जमेल. मात्र घर विकताना तो कोणी मांडून दाखवत नाही.

आता यातलं तांत्रिक काय आणि राजकीय काय? पावसाच्या किती वर्षांच्या नोंदी घेतल्या, नदीचे छेद कुठे कुठे मोजले, पात्रातली झाडी आणि राडारोडा यांचा अडथळा किती धरला, धरणातून सोडलेलं पाणी किती आणि धरणाखालच्या ओढ्यानाल्यांचं किती, हे आपलं शास्त्र. त्यावर आपण हवं तेवढं भांडावं. पण २५ हा आकडा मुठेच्या पात्रात सापडत नाही. पंधरा का नाही, पन्नास का नाही, याचं उत्तर जलविज्ञानाच्या कुठल्याच सूत्रात नाही. इतका धोका चालेल, असं कोणीतरी कोणासाठी तरी ठरवलेलं आहे. "ते शासनाच्या परिपत्रकात आहे" असं उत्तर मिळतं. बरोबर. परिपत्रक काही आकाशातून पडत नाही. २५ जुलै २०२४ च्या पहाटे खडकवासल्यातून विसर्ग वाढला आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत तळमजले पाण्यात गेले. त्या लोकांचा प्रश्न पात्राच्या खडबडीतपणाच्या गुणांकाबद्दल होता का? इथे राहायला हरकत नाही असं कोणी म्हटलं आणि पाणी सोडताना आम्हाला किती आधी सांगायचं ठरलं होतं, हे त्यांना हवं होतं. याची उकल करून सांगू शकणारी शहरातली माणसं त्या सभागृहातच बसलेली असतात. आणि तीच म्हणणार, हा आमचा विषय नाही.

विरोधकांचं म्हणणं मात्र हलकं घेण्यासारखं नाही. निवडणुकीच्या तोंडावर एखाद्या व्यावसायिक संस्थेचं अध्यक्षपद मिळवायचं, लेटरहेडवर पाठिंब्याचं पत्रक काढायचं आणि पुढे एखाद्या समितीवर वर्णी लावून घ्यायची, हा उद्योग आपल्याकडे नवा नाही. अशा संस्थेत मग तंत्रावर बोलायलाही कोणी येत नाही. दुसरं, विश्वासाचं. इमारतीच्या स्ट्रक्चरल ऑडिटवर सही करणारा अमुक पक्षाचा आहे हे कळलं की, पाडायचा सल्ला त्याने काँक्रीट बघून दिला की बिल्डर बघून, अशी शंका येणारच. आणि तिसरा मुद्दा सगळ्यात जड. विद्येत राजकारण शिरलं की काय होतं हे रशियाने दाखवलेलं आहे. निकोलाय वाव्हिलॉव्हसारखा वनस्पतिशास्त्रज्ञ १९४३ साली सारातोवच्या तुरुंगात मेला, आणि १९४८ साली तिथल्या कृषिविज्ञान अकादमीच्या अधिवेशनात लायसेंको या कृषितज्ज्ञाने आनुवंशशास्त्रच मोडीत काढलं. एका पिढीचं संशोधन वाया गेलं.

पण त्या अधिवेशनात नेमकं काय झालं ते बघा. लायसेंकोने आपल्या अहवालाला पक्षाच्या मध्यवर्ती समितीची मान्यता असल्याचं जाहीर केलं आणि चर्चा संपली. शास्त्रज्ञ राजकारणावर फार बोलले म्हणून ते शास्त्र मेलं नाही. एकच राजकारण बोलायची मुभा होती आणि 'हे ठरवलं कोणी' असं विचारायची नव्हती, म्हणून मेलं. व्यासपीठावरचं राजकारण चालतं, श्रोत्यांतलं चालत नाही, अशी व्यवस्था होती ती. आपल्या सभागृहात तुरुंग नाही, देवाची कृपा. व्यवस्था मात्र ओळखीची वाटते.

कारण आपलं सोवळं एकाच बाजूचं आहे. दीपप्रज्वलनाला मंत्री येतात, अर्धा तास बोलतात, सरकारने काय काय केलं ते सांगतात. ते राजकारण नसतं. प्रवेशद्वाराशी प्रायोजक बिल्डरचा नदीकाठच्या प्रकल्पाचा स्टँडी उभा असतो, तेही नसतं. २०२० साली राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली तेव्हा एफएसआय आणि पार्किंगवर आपल्याच संस्थांनी निवेदनं दिली, शिष्टमंडळं नेली. तेव्हा कोणी म्हटलं नाही की, अहो, जमिनीवर कोणी किती बांधायचं हा तर शुद्ध राजकीय प्रश्न. आपलं ते निवेदन, दुसऱ्याचं ते राजकारण! काही अमृततुल्यांत 'राजकीय चर्चा करू नये' अशी पाटी असते. तिथे मालकाला निदान खरं कारण लपवायचं नसतं: बाकडं रिकामं व्हायला हवं. आपण तीच पाटी तत्त्व म्हणून लावतो.

या शहराला हा वाद नवा नाही, फक्त सोवळ्याची बाजू तेव्हा उलटी होती. १८९५ च्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन पुण्यात भरलं. अधिवेशन झालं की त्याच मांडवात सामाजिक परिषद भरायची, हा त्याआधीच्या काही वर्षांचा प्रघात. टिळकपक्षाने हरकत घेतली: हे राजकीय व्यासपीठ आहे, बालविवाह आणि विधवाविवाह इथे आणून फूट पाडू नका. प्रकरण मांडव जाळण्याच्या धमक्यांपर्यंत गेलं आणि न्यायमूर्ती रानड्यांनी माघार घेऊन परिषद दुसरीकडे भरवली. टिळकांचा युक्तिवाद पोरकट नव्हता. सनातनी आणि सुधारक एका मांडवात हवे असतील तर ज्यावर त्यांची डोकी फुटतात तो विषय बाहेर ठेवणं व्यवहाराचंच होतं. दादाभाई नौरोजींनीही १८८६ च्या अध्यक्षीय भाषणात जवळपास तेच सांगितलं होतं. एकी टिकली, हेही खरं. प्रश्न एवढाच की, त्या एकीची किंमत कोणाच्या खात्यावर पडली? ज्यांचे प्रश्न 'फूट पाडणारे' ठरले, त्यांच्या. १९३६ साली डॉ. आंबेडकरांनी या मांडवाच्या प्रसंगाचा हिशेब मांडला तो याच बाजूने.

त्या मांडवाच्या भांडणाच्याही दहा वर्षं आधी, १८८५ साली, मराठी ग्रंथकारांच्या सभेचं रानड्यांचं निमंत्रण जोतीराव फुल्यांनी नाकारलं होतं. लेखनाची सभा, लेखकांचे प्रश्न, यात माणसाच्या हक्कांचं काय काम, असं तिथल्या सभ्य मंडळींना वाटलं असणार. फुल्यांचं म्हणणं असं की, जे हक्क नाकारतात त्यांच्या सभांशी आमच्या सभा आणि त्यांच्या ग्रंथांशी आमचे ग्रंथ जुळायचे नाहीत. (दहा वर्षांनी रानड्यांनाच मांडवाबाहेर जावं लागलं, यातला काव्यगत न्याय पुण्याने अजून पुरता चाखलेला नाही.) आणि फुले हे काही तंत्राशी फटकून असलेले नव्हते. ते बांधकामाचे कंत्राटदार होते. खडकवासल्याच्या धरणाला त्यांनी माल पुरवला. शेतकऱ्याच्या दैन्यावर १८८३ साली लिहिताना त्यांनी बंधारे घालून पाणी जिरवायचं आणि कालव्याचं पाणी प्रत्येकाला तोटी बसवून मोजून द्यायचं, असे उपाय सुचवले. तोटी हा तंत्राचा विषय की राजकारणाचा? पाणी पाटकऱ्याच्या मर्जीवर मिळणार की मापावर, हे ती तोटीच ठरवते.

विश्वासाच्या मुद्द्याला उत्तर डॉक्टरांच्या अनुभवात सापडतं. गर्भजल परीक्षा आली ती गर्भातले दोष शोधायला, आणि वापरली गेली मुली खुडायला. 'आम्ही फक्त तपासणी करतो, निर्णय कुटुंबाचा' हा युक्तिवाद तेव्हा कितीतरी दवाखान्यांतून ऐकू यायचा. ऐकायला अगदी तांत्रिक, अगदी तटस्थ. त्याविरुद्ध महाराष्ट्रात जी चळवळ उभी राहिली तिच्यात स्त्री-संघटनांबरोबर डॉक्टरही होते, आणि १९८८ साली गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा करणारं हे देशातलं पहिलं राज्य ठरलं. केंद्राचा कायदा १९९४ चा. ज्या डॉक्टरांनी तोंड उघडलं त्यांच्यावरचा रुग्णांचा विश्वास उडाला का? डॉक्टरी पेशावरचा विश्वास घालवला तो गप्प बसून पाकिटं घेणाऱ्यांनी. पुढे केंद्राच्या कायद्यातल्या एफ फॉर्मवरच्या, म्हणजे गरोदर बाईच्या सोनोग्राफीची नोंद ठेवायच्या अर्जावरच्या, कारकुनी चुकांसाठी गुन्हे दाखल होतात म्हणून २०१६ साली रेडिओलॉजिस्टांनी देशभर संप केला. त्यांच्या तक्रारीत तथ्य होतं असं मला वाटतं. पण संप करून कायदा बदलायला सांगणं याला काय म्हणतात?

हिंजवडीकडचे माझे मित्र म्हणतात, हे तुमच्या सिमेंट-वाळूचं. आमचा कोड कुठल्या पक्षाचा नसतो. नसतो, कबूल. पण पुण्याला ज्या सी-डॅक या संगणक संशोधन संस्थेचा अभिमान आहे, ती १९८८ साली जन्मली कशातून? अमेरिकेने हवा तो महासंगणक द्यायला नकार दिला, त्यातून. १९९१ चा परम ८००० हा तिथला महासंगणक परराष्ट्र धोरणाचा इतिहास आहे आणि अभियांत्रिकीचाही. लहान उदाहरण हवं तर १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर वडिलांच्या आधी आईचं नाव लिहायचं ठरलं, ते घ्या. ज्याने ते फॉर्म बनवले त्याच्यासाठी हा एका रकान्याचा बदल. आईचं नाव इतकी वर्षं तिथे का नव्हतं, याचं उत्तर डेटाबेसच्या पुस्तकात मिळणार नाही.

मग विश्वेश्वरय्यांचं नाव पुढे येतं. येतंच. १५ सप्टेंबरला त्यांच्या तसबिरीला हार घालून 'राजकारणापासून दूर राहिलेला कर्मयोगी' अशी भाषणं होतात. पुण्यातच शिकलेला हा माणूस. खडकवासल्याला १९०३ साली बसवलेली स्वयंचलित दारं त्यांची. पण ते १९१२ पासून सहा वर्षं म्हैसूरचे दिवाण होते. दिवाण म्हणजे राज्यकर्ता, साइट इंजिनिअर नव्हे. सरकारी नोकऱ्यांत मागास जातींना वाटा देण्याच्या धोरणाशी पटेना म्हणून १९१८ साली त्यांनी ते पद सोडलं. या बाबतीत मी त्यांच्या विरुद्ध बाजूला आहे. गुणवत्ता म्हणजे काय आणि ती कोणाच्या वाट्याला का येते, हे त्यांनी पुरतं तपासलं नाही असं माझं मत. पण राजकीय भूमिका त्यांना होती, ती त्यांनी उघड घेतली आणि तिच्यापायी खुर्ची सोडली. राजकारणाला दार उघडलं की मला न पटणारंही आत येणार. ते मला मान्य आहे. त्याच्याशी निदान वाद घालता येईल.

आणि दार बंद ठेवलं की काय होतं, तेही पुण्याने पाहिलंय. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून जास्त काळ कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. नगरसेवक नाहीत, सभागृहातला गोंधळ नाही. सुंठेवाचून खोकला गेला, असं काही जण म्हणालेही. तर त्या काळात शहराचे निर्णय जास्त तांत्रिक झाले का? निर्णय तेवढेच झाले, ते कोणाला विचारायची जागा मात्र गेली. एकतानगरीत पाणी शिरलं ते याच काळात.

त्याहून मोठा दाखला प्रत्येक जुन्या पुणेकराच्या घरात आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, त्यापाठोपाठ खडकवासला. धरणाचं काम पुरं व्हायच्या आतच त्या पावसाळ्यात पाणी अडवलं होतं; पाणी बाहेर सोडायच्या मार्गाचं बांधकाम अपुरं होतं. या प्रकरणातून तांत्रिक आणि राजकीय असे दोन ढीग वेगळे करून दाखवा. बांधकामातली उणीव पहिल्या ढिगात गेली, ठीक. घाई कुठल्या ढिगात टाकणार? उणीव माहीत असूनही पाणी अडवलं जाताना 'हे कोणी ठरवलं' असं विचारायची जागा कुठे होती, हे कुठे टाकणार?

व्यवहारात काय करायचं, असं कोणी विचारेल. मला एक कसोटी पुरेशी वाटते. उत्तर बदललं तर आपल्या नकाशातली, अहवालातली किंवा प्रणालीतली कोणती गोष्ट बदलेल, हे प्रश्न विचारणाऱ्याने सांगावं. सांगता आलं तर प्रश्न वाचायचा. निळ्या रेषेची चिठ्ठी यात बसते. अमुक नेत्याच्या अभिनंदनाचा ठराव बसत नाही, आणि निषेधाचाही. पक्षाच्या पदावर असलेल्याने संस्थेच्या पदावर बसू नये. प्रायोजकाचा त्या विषयात हितसंबंध असेल तर तो व्याख्यानाच्या सुरुवातीला जाहीर करावा. वक्त्याला उत्तर देता येत नसेल तर 'हे माझ्या अखत्यारीत नाही' म्हणावं आणि तेवढं इतिवृत्तात यावं. मग ते कोणाच्या अखत्यारीत आहे, हा पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो.

सरकारी सेवेतल्या इंजिनिअरांची अडचण मला कळते. वर्तणूक नियमांनी त्यांना शासनावर जाहीर टीका करता येत नाही, त्यांच्याकडून ती अपेक्षाही नाही. बाकीच्यांचं काय? इथे खरी गोष्ट बोलायला हवी. 'राजकारण नको' म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना राजकारणाची शिसारी वगैरे आलेली नसते. त्यांचं नाव कुठल्या तरी पॅनेलवर असतं, पुढची निविदा निघायची असते, एखादी फाइल अधिकाऱ्याच्या टेबलावर पडून असते. ही भीती खोटी नाही आणि तिच्याबद्दल कोणाला हिणवायचंही कारण नाही. घर सगळ्यांनाच चालवायचं असतं. पण एकेकट्याला ही भीती वाटते म्हणून तर व्यावसायिकांनी संस्था काढल्या. एका सल्लागाराने आयुक्तांना पूररेषेचा हिशेब मागितला तर त्याला तो महाग पडेल. संस्थेने सर्वसाधारण सभेत ठराव करून तोच हिशेब लेखी मागितला, तर पॅनेलवरून कोणाकोणाचं नाव काढणार?